शेऱ्याचा रकाना

कुवेतच्या बनेद अल-गारमधल्या आमच्या ऑफिसात एके काळी मी रोज त्रेचाळीस माणसांची हजेरी लिहीत असे. चाळीस माणसं मीना अल-अहमदीच्या बाजूला पाइपांच्या कामावर आणि तिघं ऑफिसात. काम संपलं तशी माणसं गटागटाने भारतात परत गेली आणि शेवटी हजेरीत एकच नाव उरलं, माझं.

कोणीतरी मागे राहणं भागच होतं. इथे परदेशी कंपनीच्या प्रत्येक बिलातून ग्राहक पाच टक्के अडवून ठेवतो आणि कर खात्याचा दाखला दाखवल्याशिवाय सोडत नाही. दाखला आणायचा आणि शाखा बंद करून निघायचं, एवढंच काम होतं. "सहा महिने धरा," पुण्याहून साहेब म्हणाले. मी सहाचे आठ धरले. सालमियातला फ्लॅट सोडला, बायकोला आणि मुलीला नाशिकला पाठवलं आणि ऑफिसपासून चालत बारा मिनिटांवर एक खोली घेतली. मुलगी तेव्हा दहावीत जाणार होती.

ती बारावीत गेली तरी मी इथेच होतो.

दाखला अडला तो एका विक्रीवरून. मी एकटा बसलेला असताना पुण्याच्या मुख्य ऑफिसने इथल्या एका व्यापाऱ्याला व्हॉल्व्ह विकले. ऑर्डर पुण्याला गेली, माल भारतातून आला, पैसे भारतात गेले. कर खात्याचं म्हणणं, तुमची शाखा इथे चालू होती, म्हणजे हा व्यवहारही शाखेचा आणि त्यावर कर इथे द्या. आमचं म्हणणं, शाखा फक्त नावाला होती, काम बंद होतं. हरकत नामंजूर झाली आणि आम्ही अपील समितीकडे गेलो. आमच्या वकिलांनी निवेदनात माझ्याबद्दल एक ओळ लिहिली होती: 'दाखल्याची वाट पाहणारा, कोणतेही काम नसलेला एकटा कर्मचारी.' मी ती दोनदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

वकील इजिप्तचे, साठीचे, मोठ्या आवाजात बोलणारे आणि चहात चार चमचे साखर घेणारे. त्यांनी विचारलं, "ज्या अकरा महिन्यांचा वाद आहे त्यांत तुम्ही काही केलं नाहीत, याचा कागद आहे का?"

"रजिस्टर आहे," मी म्हणालो.

"कसलं रजिस्टर?"

"हजेरीचं. माझंच."

"एकट्या माणसाची हजेरी? कोण तपासतं?"

"मीच."

रजिस्टर बघून त्यांना फार आनंद झाला. दोनशे एकतीस ओळी. येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि कामाच्या रकान्यात इंग्रजीत 'निल', 'निल', 'निल'. "उस्ताज," त्यांनी अरबीत 'सर' म्हणावं तसं म्हटलं, "हे सोनं आहे," आणि त्याच आठवड्यात त्यांनी समितीला लेखी कळवून टाकलं की संपूर्ण रजिस्टर सादर करू. मग त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. "हे बाजूला काय आहे?"

"शेरा. आमच्या भाषेत."

"हवामान?"

"बहुतेक."

"मग त्याचंही भाषांतर करा. समितीपुढे अरबीशिवाय दुसरं अक्षर चालत नाही."

मराठीवरून अरबी करणारा मान्यताप्राप्त माणूस कुठून मिळणार? म्हणून मी मराठीचं इंग्रजी करायचं आणि शिक्केवाल्या भाषांतरकाराने त्याचं अरबी करायचं, असं ठरलं. माझ्या इंग्रजीखाली मी एक वाक्य लिहून सही करायची होती, की हे भाषांतर खरं आणि पूर्ण आहे, काहीही गाळलेलं नाही.

शेरा मराठीत का लिहीत होतो, याला मोठं कारण नाही. दिवसभरात मराठी तेवढीच होत असे. फोनवर बायकोशी रात्री बोलणं होई, पण तेव्हा ती दमलेली असे आणि मुलगी "हाय बाबा, ऑल गुड" म्हणून फोन परत देत असे. रजिस्टरात मी लिहीत होतो: 'लिफ्ट बंद, जिना.' 'धूळ फार, समोरची इमारत दिसत नाही.' 'पाणीवाला नवीन.' आणि सर्वात जास्त वेळा, 'कोणी आलं नाही.' भाषांतर करताना मोजलं, एकशे अठ्ठेचाळीस वेळा. चाळिसाव्या ओळीनंतर हात दुखायला लागला तेव्हा वाटलं, खाली नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण करत जावं. पण प्रत्येक दिवशी न येणारं कोणी वेगळं असू शकतं. मी पूर्ण वाक्य लिहीत गेलो.

चौऱ्याण्णवाव्या ओळीला थांबलो. 'शुवैख गोदाम. व्हॉल्व्हच्या पेट्या मोजून दिल्या. यादीत दोन आकडे चुकले होते, दुरुस्त केले.' पुढे एकशे बाराव्या ओळीला: 'शुवैख. टेस्ट सर्टिफिकेट कुठलं कोणत्या पेटीचं ते दाखवलं.' आणि एकशे सदतिसाव्या ओळीला: 'शुवैख. बांगड्याचं कालवण, भात. दोन तास.'

मी विसरलो नव्हतो. पण या तीन खेपा आणि समितीपुढचं प्रकरण एकच आहे, हे तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कामाच्या रकान्यात मी त्या तिन्ही दिवशीही 'निल' लिहिलं होतं, कारण ते माझ्या कामात धरलेलं नव्हतं.

झालं होतं असं. व्यापाऱ्याच्या शुवैखच्या गोदामाचे स्टोअरकीपर रत्नागिरीकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना चाचा म्हणत असे. माल उतरला तेव्हा पेटीवरचा कंपनीचा इथला नंबर बघून त्यांनी आमच्या ऑफिसात फोन लावला. मी "हॅलो" म्हटलं आणि ते एकदम मराठीत आले, "अवो, तुम्ही मराठी काय? मग या ना इकडे, हे कागद मला काय उमगत नाहीत." मी पुण्याला विचारलं नाही. टॅक्सी केली, पैसे माझ्या खिशातून दिले. दुसऱ्या वेळी खरंच सर्टिफिकेटांचा घोळ होता. तिसऱ्या वेळी चाचांनी काही कारणच काढलं नाही. "बांगडं आणलंय. एकटा जेवतोस ना? ये."

आता ही तीन वाक्यं फक्त मला वाचता येत होती. तिथे 'हवामान कोरडं' लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. वकिलांचा अंदाज होता की सगळीकडे 'निल' असलेलं रजिस्टर गेलं तर निकाल आमच्या बाजूने लागेल आणि दिवाळीच्या आत मी नाशिकला असेन. मुलगी बारावीनंतर शिकायला बाहेर जाणार होती, हे नक्की झालं होतं. तिघं एका घरात राहण्याचं हे एकच वर्ष उरलं होतं आणि त्यातलेही चार महिने गेले होते.

मी वकिलांकडे जाऊन तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"हे का लिहिलंत?"

"गेलो होतो म्हणून."

"हबीबी, गेलात ते गेलात. लिहिलंत का?"

ते खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. "चाळीस वर्षं वकिली केली. स्वतःच्याच पेन्सिलीपासून वाचवावा लागतो असा अशील पहिल्यांदा बघतोय."

"पेनने लिहिलंय," मी म्हणालो.

ते मोठ्याने हसले, मग हसणं थांबवून म्हणाले, "मी तुम्हाला खोटं लिहा म्हणणार नाही. मला तुमची भाषा येत नाही. तुम्ही जे द्याल ते मी पुढे देईन. सोमवारपर्यंत द्या."

त्या शुक्रवारी सकाळी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही, आणि ती थांबवत नाही तेव्हा मला धाकधूक वाटते.

"अहो, तीन ओळी आहेत," ती म्हणाली. "दोनशे एकतीसमधल्या तीन. कोणाचं काय बुडवताय?"

"सही करायची आहे, काही गाळलं नाही म्हणून."

"तुमच्या सह्या! शाळेच्या सहलीच्या कागदावरसुद्धा बसचा नंबर विचारून मग सही केली होतीत." मग म्हणाली, "ती जूनमध्ये जाणार. मग या तुम्ही निवांत, मी एकटी बसलेली असेन इथे."

नाशिकच्या घरातला कुकर वाजला, तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"पण मला एक सांगा," ती परत येऊन म्हणाली, "तुम्ही तिथे गेलातच कशाला? कंपनीने सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. तुम्ही तर फुकट कोणाचं पाकीटही उघडून देत नाही."

"फोन आला होता."

"कोणाचा?"

"त्यांचाच. या म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ऑफिसचा फोन वाजला होता."

मग ती म्हणाली, "लिहा. जसं आहे तसं लिहा." आवाज बदललेला होता. तिने मुलीला फोन दिला नाही.

मी तिन्ही ओळींचं भाषांतर केलं आणि सही केली. 'बांगडा' हा शब्द तसाच ठेवून पुढे 'मासा' लिहिलं.

समितीपुढच्या सुनावणीला मला बोलावतील असं वाटलं नव्हतं. बोलावलं. लांब टेबल होतं, तिघं जण होते आणि प्रश्न विचारत होत्या त्या एक बाई. त्यांच्यासमोर माझ्या रजिस्टराचं अरबी होतं, पानोपानी शिक्के मारलेलं. त्यांनी शुवैखच्या पहिल्या दोन ओळी शांतपणे वाचल्या, मी हो म्हटलं. मग त्यांनी पान उलटलं.

"तिसऱ्या वेळी माल पाहिलात?"

"पेट्या समोर होत्या. उघडल्या नाहीत."

"मग काय केलंत?"

"जेवलो."

वकील छताकडे बघायला लागले. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "दोन तास?"

"हो. जायला-यायला धरून नाही."

मग त्यांनी पानं मागे चाळली, मला वाटतं 'कोणी आलं नाही'च्या ओळींवरून, आणि विचारलं, "हे सगळं रोज लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

त्यांनी काहीतरी टिपलं आणि मला जायला सांगितलं.

निकाल दोन महिन्यांनी आला. बाकीचे मुद्दे आमच्या बाजूने लागले, पण व्हॉल्व्हच्या विक्रीवरचा कर कायम राहिला. पेट्या मोजून देणं आणि सर्टिफिकेट दाखवणं हे शाखेने केलेलं काम, असं समितीने धरलं. जेवण धरलं नाही. मला निकालात चूक दिसली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

पुण्याहून साहेबांचा फोन आला. ते रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. "कोर्टात जायचं ठरलंय," ते म्हणाले. "तुम्ही तिथे आहातच."

"किती दिवस लागतील?"

"वकिलांना विचारा."

वकिलांना विचारलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "एक वर्ष, दोन. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, उस्ताज. आता ऑफिसच्या वेळेत त्या गोदामात पाऊल टाकायचं नाही. तिथून फोन आला तर घ्यायचाही नाही. तुम्ही बंद शाखा आहात."

मी नवीन रजिस्टर आणलं. रकाने आखले: येण्याची वेळ, जाण्याची वेळ, काम. शेऱ्याचा रकाना आखू की नको, याचा विचार करण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी आखला.

तेराव्या दिवशी ऑफिसचा फोन वाजला. नंबर गोदामाचा होता. तो वाजून थांबेपर्यंत मी बघत बसलो. आठ वेळा वाजला. मी शेरा लिहिला: 'शुवैखचा फोन. घेतला नाही.' चार वाजता ऑफिस बंद केलं, कुलूप लावलं, खाली रस्त्यावर आलो आणि माझ्या मोबाइलवरून चाचांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हंजे माझ्या बांगड्यानं तुझी केस पाडली?" ते म्हणाले.

"नाही चाचा. जेवण धरलं नाही त्यांनी. पेट्यांनी पाडली."

"मग शुक्रवारी खोलीवर ये. सालमियात. नमाज करून मी येतो, मग बसू. शुक्रवारी तर तुझी कंपनी नसते ना?"

"नसते."

शुक्रवारी बसने गेलो. आमच्या जुन्या इमारतीच्या दोन गल्ल्या पुढे चाचांची खोली निघाली. तीन वर्षं तिथे राहून ही गल्ली मी पाहिली नव्हती. जेवताना बायकोचा फोन आला. मागून भांड्यांचा आवाज ऐकून तिने विचारलं, "कुठे आहात?"

"जेवायला आलोय. चाचांकडे."

"रजिस्टरात लिहिणार?"

"शुक्रवारी रजिस्टर बंद असतं."

ती हसली. मुलगी जवळच असावी, कारण तिचंही हसणं ऐकू आलं. मग बायकोने विचारलं, "कोर्टाची तारीख कळली का?"

"कळली," मी म्हणालो. "जूननंतरची आहे."

चाचांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. फोनवर कोणी काही बोलत नव्हतं, आणि फोन कोणी ठेवतही नव्हतं.