जुन्या मशीनमागची खुर्ची

"मी इथं नाय असं समजा," असं म्हणून ते एक खुर्ची ओढायचे आणि तुमच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर बसायचे. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. मग पाव तास, अर्धा तास, कधी तासभर बोलायचे नाहीत. तुम्ही तुमचा कॉम्प्युटर नेहमीसारखा चालवायचा आणि ते बघायचे.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण आल्याआल्या कॅबिनेट आडवं करतात आणि स्क्रू काढायला लागतात. काही जण फोनवरच निदान सांगतात. हे गृहस्थ आधी बघून झाल्याशिवाय झाकणाला हात लावत नसत. गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो, उघडा तरी," म्हणायचं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "उघडल्यावर मशीन दिसेल. काम दिसनार नाय."

ते वसईच्या मिठागरांकडच्या एका गावातले. पाण्याला पानी आणि कोणाला कोन म्हणायचे. वय साठीच्या आसपास, अर्ध्या बाह्यांचा फिका शर्ट, खिशात पेन्सिल आणि शाळेतल्या मुलांकडे असतं तसलं पांढरं खोडरबर. दुकान नव्हतं. जुनी स्कूटर होती आणि बोळिंजच्या एका झेरॉक्सवाल्याकडे निरोप ठेवायची सोय होती. त्यांचं नाव इथे देत नाही. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो.

खोडरबराचा उपयोग मी पहिल्यांदा माझ्याच घरी पाहिला. इकडची खारी हवा धातूला टिकू देत नाही. रॅमच्या पट्टीवरचे पिवळे दात काळपट पडतात आणि एक दिवस मशीन सुरूच होत नाही. ते पट्टी काढायचे, दात खोडरबराने पुसायचे, फुंकर मारायचे आणि परत बसवायचे. बरीच मशीनं एवढ्यावर उठायची. काम सुरू करण्यापूर्वी ते घरातून दोन बशा मागायचे. "एक चहाला, एक स्क्रूला." एकदा माझ्या बायकोने चुकून स्क्रूच्या बशीत चहा ओतला. त्यांनी बशी तिरकी करून चहा पिऊन टाकला, स्क्रू धुतले, पुसले आणि म्हणाले, "गंज निघाला."

मला तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता. मी एका साप्ताहिकात उपसंपादक आहे आणि घरच्या मशीनवर बातम्या लिहितो. मशीन नऊ वर्षांचं झालं होतं. काका अर्धा तास माझ्या मागे बसले. मग म्हणाले, "पत्रकार, तुम्ही लिहिता कमी, पुसता जास्त. त्याला नवीन मशीन कशाला?" त्यांनी फक्त डिस्क बदलली. ते मशीन अजून चालू आहे. पुसण्याचं प्रमाणही तेच आहे.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त कारकून, नाना, यांनाही नवा कॉम्प्युटर हवा होता. जुना फार हळू आहे, अशी त्यांची तक्रार. काका त्यांच्या मागे बसले. नाना पडद्याला नाक लावून वाचत होते, माऊसचा बाण शोधत होते, सापडला की हरवत होते. वीस मिनिटांनी काका उठले, पडदा ओल्या फडक्याने पुसला, अक्षरं दुप्पट मोठी केली आणि म्हणाले, "नाना, तुम्हाला मशीन नको. चष्मा पायजे." नाना दोन दिवस रागावले होते. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेले.

हे बघत बसणं ते कुठे शिकले, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. पूर्वी ते वसईच्या पूर्वेला एका कारखान्यात मशीनची देखभाल करायचे. एका बाईंच्या मशीनवर माल कमी निघतो म्हणून त्यांना मोटर बदलायला पाठवलं. त्यांनी बदलली. माल तेवढाच. दुसरी बदलली. माल तेवढाच. बाईंना मेमो मिळाला. तिसऱ्या दिवशी डबा खाता खाता त्यांचं लक्ष गेलं. बाईंचं स्टूल बुटकं होतं. दर वेळी दांडा ओढायला त्यांना उठून उभं राहावं लागत होतं.

"मग?" मी विचारलं.

"स्टुलाखाली दोन विटा ठेवल्या. माल वाढला."

"आणि मेमो?"

"तो परत घेतला नाय कोनी. तेवढं राहिलं." एवढं बोलून ते खोडरबर पुसत बसले. पुढे कारखाना बंद झाला आणि ते कॉम्प्युटरकडे वळले.

त्यांची आणखी एक रीत होती. काम संपलं की वहीचा कागद फाडून ते पेन्सिलीने काहीतरी लिहायचे आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावायचे. मी विचारलं तर म्हणाले, "केस पेपर. पुढच्या मानसाला कळायला." कोणते सुटे भाग घातले त्याची यादी असेल, असं समजून मी कधी वाचला नाही.

आता आमच्या ऑफिसची गोष्ट. उमेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर साप्ताहिकाचं ऑफिस आहे. त्यात पाणीपुरवठ्याच्या बातम्या असतात, लग्नाच्या आणि वर्षश्राद्धाच्या जाहिराती असतात, चर्चमधल्या महिन्याच्या मिस्साची, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची, निवेदनं असतात. ही सगळी पानं तेव्हा बावीस वर्षं नलूताई लावत आल्या होत्या. त्या उमेळ्याच्याच. घरची केळीची वाडी होती, तिच्या जागी आता इमारत आहे. त्या वेळी त्यांची निवृत्ती सहा वर्षांवर होती आणि घर त्यांच्याच पगारावर चालत होतं.

बुधवारी साडेसहाच्या आत पानं छापखान्यात गेली पाहिजेत. तेव्हा ती आठ आठ वाजता जाऊ लागली होती. छापखानेवाला कुरकुरायचा आणि मालक-संपादकांना ऐकून घ्यावं लागायचं. त्यांनी एका विक्रेत्याकडून आठवड्यापुरतं नवं मशीन आणून बघितलं. नलूताईंचा जुना टायपिंगचा प्रोग्राम त्यावर चालेना. नव्या प्रोग्रामचा कीबोर्ड वेगळा. बावीस वर्षांची बोटं जुन्या जागी जायची आणि भलतंच अक्षर उमटायचं. मालकांनी घड्याळ लावून पाहिलं. एका पानाला साडेतीन तास लागले. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "मॅडमचा स्पीड नाही."

मशीन परत गेलं, पण ते वाक्य ऑफिसात राहिलं. मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला आत बोलावून सांगितलं, "दिवाळी अंक झाला की कंपोझिंग बाहेर देऊ या. विरारला एक जण करतो. नलूताईंना तुम्हीच सांगा." मी सांगितलं नाही. पण ऑफिस दोन खोल्यांचं होतं आणि मधलं दार लागत नसे. त्या दिवशी नलूताईंनी डबा उघडला नाही.

मी काकांना निरोप ठेवला. ते बुधवारी आले, मी बुधवारीच या म्हटलं होतं. नलूताईंच्या उजव्या खांद्यामागे खुर्ची ठेवली.

"मी इथं नाय असं समजा."

"मला समजून चालायचं नाही," नलूताई मागे न बघता म्हणाल्या. "सध्या माझ्या मागे सगळेच उभे असतात."

काकांनी वही काढली. मधोमध उभी रेघ मारली आणि बघू लागले. मधूनमधून पेन्सिलीने एक छोटी रेघ ओढायचे. मालक दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा त्यांना राहवलं नाही.

"एवढं काय बघताय?"

"शेठ, मी इथं नाय."

तासाभराने त्यांनी वही मालकांपुढे धरली. डाव्या बाजूला रेघांची गर्दी होती. उजव्या बाजूला एकच रेघ.

"ह्या डाव्या बाजूच्या, बाई मशीनसाठी थांबल्या त्या. चौऱ्यान्नव. दर परिच्छेदाला सेव्ह करतात. मशीन मधेच बंद पडतंय, मग करनार काय? एकेका सेव्हला चहा होईल."

"आणि उजवीकडे?"

"मशीन बाईंसाठी थांबलं ती."

"एकदाच? ती कशाची?"

"पानी प्यायल्या."

मालकांनी वही हातात घेतली, परत दिली. मग म्हणाले, "म्हणजे नवं मशीन घ्यायलाच पाहिजे. तेवढे पैसे तर नाहीत."

"नवं नकोच. नव्याला हे लावायला जागा नाय." काकांनी कॅबिनेटच्या मागे बोट दाखवलं. जुन्या पद्धतीचा प्रिंटर जोडायच्या रुंद खाचेत काडेपेटीएवढा एक राखाडी ठोकळा खोचलेला होता. आम्ही बावीस वर्षं तो पाहत होतो. तो प्रोग्रामचं कुलूप होता. तो असेल तरच प्रोग्राम उघडायचा. बनवणारी कंपनी बंद झाली होती आणि मूळ सीडी कोणालाच सापडेना. जे होतं ते त्या एका डिस्कवर होतं, आणि डिस्क आजारी होती.

"नव्या डिस्कवर नक्कल उतरली तर सगळं हाय तसं मिळेल," काका म्हणाले. "नाय उतरली तर मी काय करू शकनार नाय. आधीच सांगतो."

ते नलूताईंकडे बघून बोलले, मालकांकडे नाही. नलूताई म्हणाल्या, "उतरवा."

गुरुवारी अंक छापून झाला होता. दोन बशा आल्या. काकांनी आधी धूळ काढली, पंख्याखालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. भंगारातल्या मशीनमधून आणलेल्या रॅमच्या दोन पट्ट्या खोडरबराने पुसून बसवल्या. मग चपटा सेल बदलला. तो गेल्यामुळे ते मशीन रोज सकाळी कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जागं व्हायचं आणि नलूताई रोज त्याला आजची तारीख सांगायच्या. किती वर्षं सांगत होत्या, ते त्यांनाही आठवेना.

"तक्रार का नाय केली?" काकांनी विचारलं.

"मला वाटलं, ते माझंच काम आहे."

शेवटी नक्कल सुरू झाली. साठ टक्क्यांच्या पुढे जाऊन थांबली. डिस्कमधून टक टक असा आवाज यायला लागला. नलूताई खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांनी सगळं बंद केलं, डिस्क बाहेर काढली आणि पंख्याखाली कागदावर ठेवली.

"दमलंय. तासभर कोनी हात लावू नका."

तो तास आम्ही चौघांनी काहीही न करता काढला. मालकांनी स्वतः खाली जाऊन चहा आणला. तासाभराने काकांनी नक्कल पुन्हा सुरू केली. साठ, एकसष्ट, पासष्ट. नव्वदीनंतर कोणी आकडा बघत नव्हतं, सगळे आवाज ऐकत होते. आवाज आला नाही.

नवी डिस्क लावून मशीन सुरू केलं तेव्हा नलूताई सवयीने तारीख घालायला पुढे झाल्या. तारीख आधीच बरोबर होती. त्यांनी प्रोग्राम उघडला, एक ओळ टाइप केली, सेव्ह केली आणि हात वर धरून वाट बघत बसल्या.

"झालं ते," काका म्हणाले. "पुढचं घ्या."

पुढच्या बुधवारी पानं चार वाजून चाळीस मिनिटांनी गेली. छापखानेवाल्याने फोन करून विचारलं, अंक कमी पानांचा आहे का. विरारच्या माणसाचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

काका त्यानंतर अधूनमधून येत राहिले. काम नसलं तरी त्याच खुर्चीत बसून चहा घ्यायचे. गेल्या वर्षी ते गेले. झोपेत गेले, असं झेरॉक्सवाल्याने सांगितलं. बातमी मी केली, चार ओळींची. आमच्याकडे निधनाच्या बातमीत विशेषणं घालत नाहीत. नलूताईंनी ती कंपोझ केली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण फार वेळ लागला नाही. त्या दिवशी मशीन त्यांच्यासाठी एकदा थांबलं असावं.

मध्यंतरी ते मशीन दिवसातून दोनदा अडकायला लागलं. विरारहून एक नवी मुलगी दुरुस्तीला आली. हुशार, चटपटीत. आल्याआल्या तिने कॅबिनेट आडवं केलं आणि झाकण काढलं. आतून चिकटवलेला कागद तिला दिसला. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती. तिने ती मोठ्याने वाचली. सेल बदलला. रॅम दोन पट्ट्या. डिस्क नवी, जुनी कपाटात आहे, फेकू नये. मागचं राखाडी कुलूप काढू नये. मग थोडी जागा सोडून खाली लिहिलं होतं: "बाई हळू नाहीत, मशीन हळू होतं. पुन्हा तक्रार आल्यास उघडण्याआधी एक तास बसून बघणे."

मुलीने आमच्याकडे बघितलं. मालक त्यांच्या टेबलावरच्या कागदात बघत राहिले. तिने झाकण लावलं, स्क्रू फिरवले, मशीन उभं केलं आणि एक खुर्ची ओढली.

"ताई, तुम्ही करा तुमचं काम. मी बघते."

नलूताईंची बोटं चालू झाली होती. त्या मागे न वळता म्हणाल्या, "जरा उजवीकडे घे."