सिस्टरनी न घातलेला हूड

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. त्या रागापायी बरंच काही हातचं गेलं, पण रुखरुख एकाच गोष्टीची राहिली.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी न्यू जर्सीतल्या एका कॅथलिक विद्यापीठात केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होते. माझ्या गाइड म्हणजे सत्तरीच्या एक नन. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. पाच वर्षांत त्यांनी माझे तीन प्रयोग मोडीत काढले, थीसिसचं पान न् पान लाल केलं आणि मी तापानं फणफणले तेव्हा स्वतः गाडी चालवत जर्सी सिटीला माझ्या खोलीवर सूप घेऊन आल्या. पदवीदानाला स्टेजवर त्याच माझ्या गळ्यात हूड घालणार होत्या. हूड म्हणजे गाऊनवरून पाठीवर सोडायचा रंगीत पट्टा. तो गाइडनंच घालायचा, अशी तिथली रीत. ते बघायला आई-बाबा नागपूरहून आले होते.

आठवडाभर आधी सिस्टर म्हणाल्या, "मी स्टेजवर येणार नाही."

त्या वर्षी विद्यापीठ एका सिनेटरना मानद पदवी देणार होतं. गृहस्थ कॅथलिक, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं मत देणारे, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या थेट विरुद्ध. कॅम्पसवर पत्रकं, सह्या, निषेध असा नुसता धुरळा उडाला होता. आणि मी परदेशी विद्यार्थ्यांच्या वतीनं त्या सिनेटरना शाल द्यायचं कबूल करून बसले होते. विचारलं, 'हो' म्हटलं. आमच्याकडे सत्कार करायला आपलं मत लागतं कुठे? बाबा हेडमास्तर होते. ज्या आमदाराला ते जेवताना शिव्या घालत, त्यालाच स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन 'आपले लाडके' म्हणत. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे, आम्हालाही नाही.

हे मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग त्या आमदाराला काय वाटायचं?"

"काही नाही. ते पुढच्या सत्काराला जायचे."

"म्हणूनच मी येत नाही," त्या म्हणाल्या. "टाळी वाजवायची तर ती मनापासून वाजवता आली पाहिजे."

मी चिडले. "तुमचं मत मलाही पटत नाही. मग मला पदवी दिलेली कशी चालते?"

"तुला ती कामाची मिळते आहे. तुझी मतं मी कधी विचारली?"

कधीच विचारली नव्हती. त्यानं माझा राग आणखी वाढला. सिस्टरच पुढे म्हणाल्या, "समारंभ दहाला आहे. तू आठला माझ्या ऑफिसात ये, आई-वडिलांना घेऊन. हूड मी तिथे घालते."

"असा चोरून घातलेला हूड मला नको," मी म्हणाले आणि दार जरा जोरातच ओढून घेतलं.

आई म्हणाली, "गुरू आहेत त्या तुझ्या. बोलावलंय तर जाऊ या की." बाबा म्हणाले, "स्टेज काय अन् खोली काय, हात त्यांचा असला म्हणजे झालं."

"बाबा, तो विषय मी क्लोज केलाय," मी म्हटलं. खरं तर मला खात्री होती की आयत्या वेळी सिस्टर येतील. माझ्यासाठी एवढं नक्की करतील.

त्या आल्या नाहीत. प्राध्यापकांच्या रांगेत चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. हूड डीननी घातला, कार्डावरून माझं नाव वाचलं, हात मिळवला आणि ते पुढच्या मुलाकडे वळले. सिनेटरना मी शाल दिली. 'ब्युटिफुल' म्हणत त्यांनी ती शेजारच्या मदतनिसाकडे सोपवली. फोटो छान आला.

सोमवारी लॅबची किल्ली परत करायला गेले. सिस्टर उन्हाळ्यापुरत्या त्यांच्या दूरच्या मठात निघून गेल्या होत्या. डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "बरी आहेस ना आता? शनिवारी आम्हाला वाटलं, तू आजारी पडलीस."

"का बरं?"

"सिस्टर साडेसातपासून गाऊन, टोपी सगळं घालून ऑफिसात बसल्या होत्या. केक आणला होता. तुझ्या आई-बाबांसाठी दोन चांगल्या खुर्च्याही मला वरून आणायला लावल्या. दहाला मी घरी निघाले, तेव्हाही त्या तशाच बसलेल्या."

मला इतकी लाज वाटली की बाईंकडे बघवेना. किल्ली टेबलावर ठेवून मी बाहेर आले. आई-बाबा गाडीत बसले होते. संध्याकाळचं विमान होतं त्यांचं.

"भेटल्या का बाई?" आईनं विचारलं.

मी 'नाही' एवढंच म्हटलं आणि गाडी सुरू केली. त्या दोन खुर्च्यांबद्दल मी तिला अजूनही सांगू शकलेले नाही.