बागलीच्या कड्यावरची दोरी

मित्राने धरलेल्या दोरीवरून मित्र कोसळला आणि मेला, तर दोरी धरणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? घाई करू नका. आमच्या ठाण्याबाहेर जमलेल्या जमावाने ती केली होती. "फाँसी दो!" हा त्यांचा ओरडा निवृत्तीनंतरही माझ्या कानातून गेलेला नाही.

बागलीच्या पुढे घाटउतारावर एक काळा कडा आहे. मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. दसऱ्याचा दिवस होता. ठाण्यातलं शस्त्रपूजन नुकतंच उरकलं होतं आणि बंदुका अजून टेबलावर मांडलेल्या होत्या. तेवढ्यात फोन आला की कड्यावरून एक तरुण पडला आहे.

आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते गाडीत होतं. तो देवासचा, जुन्या दरबारी मराठी घराण्यातला. शेजारी दगडावर त्याचा जोडीदार बसला होता. तो बागलीचा, शाळेत खेळ शिकवणारा. दोघांनी मिळून त्या कड्यावर बोल्ट ठोकून नवी, लांब वाट तयार केली होती. ते नेहमी चढत त्या जुन्या वाटेपेक्षा ती बरीच उंच जात होती. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून ती पहिल्यांदा चढायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, दोरी जप्त करून सील केली. अपघात असावा, असं मला वाटत होतं. दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला.

"साहब, गिरा नहीं है, गिराया है. कन्नौद में चाय की दुकान पे पूछ लो."

आम्ही विचारलं. गोष्ट खरी निघाली. पहिला कोण चढणार यावरून दोघांची चार लोकांसमोर तणातणी झाली होती आणि शेवटी जोडीदार म्हणाला होता, "चढ़ जा भिया, तू ही चढ़ जा. मैं नीचे से रस्सी छोड़ दूँगा!" दुकानातले सगळे तेव्हा हसले होते. आता तेच सगळे साक्ष द्यायला तयार होते. माणसं अशीच असतात. मेल्यानंतर प्रत्येक थट्टेचा पुरावा होतो.

जोडीदाराला समोर बसवलं. त्याचे दोन्ही तळहात दोरीने सोलले होते.

"का सोडलीस?"

"छोड़ी नहीं साहब. ब्रेक वाला हाथ एक बार नहीं हटा. मैं उसे नीचे उतार रहा था, ऊपर देख रहा था, और रस्सी ही खतम हो गई. सिरा मेरे ब्रेक में से निकल गया."

हे मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. चढणारा दोरीचं एक टोक कमरेला बांधतो. खालचा जोडीदार ब्रेकच्या यंत्रातून दोरी सोडत राहतो. वरच्या कडीत दोरी अडकवली की तिच्यावरूनच चढणाऱ्याला खाली उतरवतात. म्हणजे उंचीच्या दुप्पट दोरी लागते. जुन्या वाटेला ती पुरत होती. नवीला कमी पडली.

"मोजली नव्हती?"

"लगा था पूरी पड़ जाएगी. और न पड़ती तो भी गिरता नहीं. मेरी तरफ के सिरे पे गाँठ रहती है. गाँठ ब्रेक में अटक जाती, वो लटका रह जाता, बस."

"दोरीला गाठ नाही. मी बघितली आहे."

"थी साहब. साल भर से है. मैंने ही बाँधी थी, कभी खोली नहीं."

"आज सकाळी बघितलीस?"

त्याने आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघितलं. मग म्हणाला, "नहीं."

इथे मी थांबलो. खोटं बोलणारा माणूस या प्रश्नाला 'हो' म्हणतो. याने स्वतःचा गळा कापणारं उत्तर दिलं होतं.

पण मनाच्या कौलावर माणूस सोडता येत नाही. बाहेर जमाव वाढत होता. मृताचे काका आत आले.

"तुम्ही आपल्यातलेच ना, साहेब? मग विचार कसला करता? खून लिहा. की माळव्यात राहून मराठी रक्त पातळ झालं?"

"काकासाहेब, मी आधी बघतो, मग लिहितो."

मी पंचांना बोलावून त्यांच्यासमोर दोरीचं सील उघडलं. प्रधान आरक्षकाने, म्हणजे आमच्या हवालदाराने, मोकळं टोक उचललं आणि तो दचकला. "सर, इस सिरे पे खून लगा है."

रक्त कसं असेल? मृत तर दुसऱ्या टोकाला बांधलेला होता आणि जोडीदाराचे तळहात सोलले होते, पण रक्ताळले नव्हते. मी तो डाग बोटाने चोळला. कोरडा, भुरभुरीत, लाल आणि खाली पिवळी छटा. माझ्याच बोटांवर सकाळपासून तोच रंग होता, बंदुकांच्या पूजेचा. ते हळदकुंकू होतं. दोरी मृताच्या घरीच असायची, असं जोडीदाराने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाल्यावर मी महिला आरक्षकाला घेऊन देवासला गेलो. मृताची आई भिंतीला टेकून बसली होती. जवळ काकासाहेब होते.

"आईसाहेब, खंडेनवमीला घरात शस्त्रांची पूजा केलीत?"

"दरवर्षी करतो. यांच्या वडिलांची तलवार असते. यंदा म्हटलं, लेकाचं शस्त्र म्हणजे त्याची दोरी. ती पण मांडली."

"दोरीच्या टोकाला गाठ होती?"

"होती की. केवढी घट्ट! सुईने उकलावी लागली."

"का सोडलीत?"

"गाठीची दोरी देवीपुढं ठेवीत नाहीत आमच्याकडे. तो झोपला होता, मीच सोडली. हळदकुंकू लावलं अन् छान गुंडाळून ठेवली." मग तिने माझ्याकडे वर बघितलं. "कशाची होती ती गाठ?"

काकासाहेब पटकन म्हणाले, "कशाची नाही, वहिनी. साहेब, बास झालं. हे कागदावर येता कामा नये."

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसलो असतो, तर या माउलीची झोप वाचली असती आणि एका निरपराध मुलाच्या कपाळी जन्मभर खुनी हा शब्द राहिला असता. दयेच्या नावाखाली अन्याय करायला मी वर्दी घातली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं.

ती रडली नाही. आपले दोन्ही हात उलटे करून बघत राहिली.

"तो बागलीचा मुलगा कुठं आहे?"

"ठाण्यात."

"इथं कितीदा जेवलाय तो. त्याला सोडा."

"वहिनी, घराची अब्रू..." काकासाहेब म्हणाले.

"भावजी, अब्रू त्याला नाही का? लिहा, साहेब. माझ्या हातानं झालं ते मीच सांगणार."

तिने जबाब दिला. मुलगा घरी गेला. खुनाचा गुन्हा नोंदला नाही. अपघाती मृत्यू म्हणून अहवाल गेला. जमाव पांगला, पण त्यातला एकही माणूस माफी मागायला त्याच्या दारी गेला नाही. त्या मुलाने कडा सोडला. आई पुढे कोणत्याच पूजेला बसली नाही, असं कानावर आलं.

मी स्पष्ट सांगतो, दोष आईचा नाही. देवीचा तर नाहीच. उंच वाटेवर जुनी, न मोजलेली दोरी नेणं हा गुन्हा आहे. हेल्मेट गाडीत ठेवणं हा गुन्हा आहे. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे गेल्या वर्षीच्या गाठीवर आजचा जीव टांगणं. काल खरी असलेली गोष्ट आज तशीच असेल, या आळशी भरवशाने आपल्याकडे माणसं मरतात. कड्यावर मरतात, विहिरीत मरतात, विजेच्या खांबावर मरतात. मग आपण खुनी शोधत फिरतो.

म्हणून माझी एक मागणी आहे. तुम्ही चढत असाल किंवा तुमच्या घरातलं कुणी चढत असेल, तर आज ती दोरी बाहेर काढा. तिच्या टोकाला कायमची बांधून ठेवलेली गाठ असेल, तर ती स्वतःच्या हाताने सोडून टाका. दोरी मोजा. आणि पुढच्या वेळी कड्याखाली उभे राहाल, तेव्हाच नवी गाठ बांधा आणि जोडीदाराला ती हात लावून बघायला सांगा. तो हसला तर हसू द्या. त्याने हात लावल्याशिवाय जमिनीवरून पाय उचलू नका.