काचेतली तारीख

आमच्या चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीला रंगीत काचेची खिडकी बसवायची, असं पंचांनी ठरवलं आणि माझ्या हातात एक फॉर्म आला. मंडळीतले तीन जण सैन्यात असताना गेले. त्यांची नावं काचेवर येणार होती, आणि तिसरं नाव माझ्या धाकट्या भावाचं होतं. नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख, खाली घरच्यांची सही.

सही आईची हवी होती. ती करणार नाही हे मला ठाऊक होतं.

भाऊ तिकडं वर बर्फातल्या सीमेवर पहाऱ्यावर असताना बर्फाचा कडा कोसळला. सोलापूरला पेटी आली ती बंद. सोबतच्या अधिकाऱ्यांनी हात जोडून सांगितलं, उघडू नका. सलामी झाली, दफन झालं. त्याला सहा वर्षं झाली, पण आईचं एकच म्हणणं, "आपण पेटी पुरली. त्याला मी बघितलंच न्हाय." कारखान्यात टॉवेल शिवून तिनं आम्हा दोघांना वाढवलं, रडून गोंधळ घालणारी बाई ती नव्हे. फक्त तो गेला असं ती म्हणत नाही.

तीन आठवडे फॉर्म माझ्या पर्समध्ये पडून होता. शाळेत पेपर तपासताना मी तो काढून बघायची आणि परत ठेवायची. मग पाळकसाहेबांचा फोन आला, "ताई, कारागीर थांबलाय." त्याच दुपारी चर्चमध्ये जाऊन मी सगळं भरलं आणि आईच्या नावापुढं माझी सही ठोकली.

तेव्हापासून मला चैन पडेना. तव्यावरची पोळी करपायची, वर्गात हजेरी दोनदा घेतली जायची. पाळकसाहेबांना सांगून टाकावं म्हणून चर्चच्या फाटकापर्यंत जाऊन मी दोनदा परत आले. शेवटी पुण्याच्या त्या कारागिरालाच फोन लावला.

"एक नाव थांबवता येईल का हो?"

"ताई, काच भट्टीतून निघाली पण. अक्षरं आता काचेतच बसली. खरवडून निघायची नाहीत."

खिडकीच्या समर्पणाच्या रविवारी आईला मी नवी खिडकी बघायला चल, एवढंच सांगितलं होतं. रिक्षा सात रस्ता चौकात आली आणि माझ्यानं राहवेना.

"आई, खिडकीत त्याचं नाव आहे. सही मी केली."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "थांबवा हो जरा," रिक्षावाल्याला म्हणाली आणि उतरून चालू लागली. भर उन्हात ती पुढं, मी मागं. घराकडं वळेल असं वाटलं होतं, पण ती चर्चकडंच गेली. शेवटच्या बाकावर बसली. माझ्यासाठी सरकली नाही.

खिडकीवरचा पडदा सरकला. निळ्या-तांबड्या काचांत गुडघे टेकलेला शिपाई, खाली छातीएवढ्या उंचीवर तीन नावं. गीत गायला मंडळी उभी राहिली, तशी आई मधल्या वाटेनं पुढं गेली. वाचायला ती उशिरा शिकली, अजून बोट लावूनच वाचते. तिनं नाव वाचलं, मग खालचे आकडे. गाणारे एकेक करून गप्प झाले.

"ही दुसरी तारीख कुनी दिली?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी दिली. सैन्याच्या कागदावर तीच आहे."

"त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आलता मला. थंडी लई हाय म्हनला. दुपारी परत करतो म्हनला." ती पाळकसाहेबांकडं वळली. "साहेब, नाव ऱ्हाऊ द्या. चांगलं लिवलंय. ही तारीख तेवढी काढा."

एक पंच पुटपुटले, एकाचीच कशी काढायची? तेव्हा ज्यांचं नाव सगळ्यांत वर होतं त्यांच्या पत्नी बाकावरूनच बोलल्या. केस पांढरे झालेल्या बाई, कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या. "काढा की. आमच्या ह्यांची ऱ्हाऊ दे, मला ती लागते. त्येंची काढा."

महिन्याभरानं कारागीर आला. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उकलून त्यानं तारखेचा तुकडा काढला आणि तिथं कोरी निळी काच बसवली. आई शेजारीच उभी होती. "घट बसली का?" एवढंच तिनं विचारलं. आता ती दर रविवारी त्याच बाजूला बसते. माझ्याशी नेहमीसारखं बोलते, पण सहीबद्दल एक शब्द नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काढलेला तुकडा कारागिरानं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. तो मला टाकवत नाही आणि ठेववतही नाही. आधी कपाटात ठेवला, मग ट्रंकेत, मग शाळेतल्या माझ्या खणात, तिथून परत घरी, तांदळाच्या डब्यामागं. परवा मी तिथं हात घातला. तुकडा होता, पण त्याच्याभोवतीचं वर्तमानपत्र नवं होतं, गेल्याच आठवड्यातलं.

मी तो होता तसा ठेवला आणि बाहेर आले. आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले.

"काय चाललंय तुझं?" मेथीतून मान वर न करता ती म्हणाली. "बस की जरा."