बारावी जोडी
सेफ्टी शूज काढल्यावर पायमोज्यांना जो कुबट वास येतो, त्याने मला एक पवित्र गुरुवार आठवतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सात फादर बारा जणांचे पाय धुतात. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यातली पाळी संपवून मी थेट चर्चमध्ये आले होते आणि मागच्या बाकावर डुलक्या घेत होते. बारांतली एक बाई तापामुळे आली नव्हती. यादी सांभाळणाऱ्या मैत्रिणीने माझा दंड धरला. "चल गं, एक कमी पडतंय." मी म्हटलं, "पाय बघ माझे." "फादर धुणारच आहेत, तुला कसलं टेन्शन?" बाकीचे अकरा जण घरूनच पाय घासून, नखं कापून आले होते, आमच्याकडे तशीच रीत आहे. माझ्या पायांवरून मात्र काळं पाणी परातीत उतरलं. शेजारणीने नाकाला रुमाल लावला. मी पाय मागे घेत हळूच म्हटलं, "फादर, राहू द्या." म्हातारे फादर घामाघूम झाले होते. "पेत्रही येशूला हेच म्हणाला होता," ते पुटपुटले, "पाय पुढे कर, माझे गुडघे दुखतायत." मग त्यांनी दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत चोळून धुतले, आणि दिवसभरात पहिल्यांदा माझ्या टाचांची ठणक थांबली. यंदा माझं नाव आधीच यादीत होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वज्रीने टाचा घासून गेले. नव्या फादरांनी थोडं पाणी सोडलं, टॉवेल टेकवला आणि ते पुढे सरकले. घरी पोचले तेव्हा पाय ठणकतच होते.