दिव्यांच्या बरणीतली तीन बटणं

शिलाईच्या त्या कारखान्यात काजं करणाऱ्या मावशींना ‘का’ विचारायची भारी खोड. आधी कॉलर का, मग बाही का, शर्टाला बटणं सातच का? बावीस वर्षं काजं आणि प्रश्न दोन्ही अखंड चालू होते. एक गोष्ट मात्र त्या कुणाला विचारत नव्हत्या आणि सांगतही नव्हत्या. दोन महिने झाले, त्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. कळलं तर मशीन दुसऱ्याच्या हाती जाईल, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात मालकांनी सांगितलं, यंदा दुरुस्तीचं एकच काम होईल, कोणतं ते तुम्हीच ठरवा. कापड बेतणाऱ्या मास्तरांनी गठ्ठ्यांमागे तीन बरण्या मांडल्या आणि वर चिठ्ठ्या लावल्या: पंखा, नळ, मशीनवरचे दिवे. सहा माणसं; प्रत्येकानं आपल्या टेबलावरची तीन बटणं हव्या त्या बरणीत गुपचूप टाकायची. मावशींचा हात दिव्यांकडे गेला होता. पण ही बटणं कुणाची म्हणून चौकशी झाली तर? इस्त्रीवाल्या काकांना उकाडा होतो, असं सगळेच म्हणत होते; तिन्ही बटणं पंख्यात गेली.

मोजणी झाली. पंखा पंधरा, नळ शून्य, दिवे तीन. मास्तर निकाल लिहायला लागले, तेवढ्यात मावशी दिव्यांची ती तीन बटणं उचलून चाचपायला लागल्या. त्यांच्या कडा वितळलेल्या होत्या. असली बटणं कारखान्यात एकाच टेबलावर सापडत.

"इस्त्रीवाले काका, उकाड्यात तुम्ही उभे असता म्हणून आम्ही सगळ्यांनी पंखा निवडला. आणि तुम्हीच दिवे मागताय, ते का?"

"मला कुणी विचारलं?" काका म्हणाले. "वाऱ्यानं कापड उडतं, इस्त्री निवते. पंखा लावलात तर मीच बंद करीन."

दुसऱ्यासाठी म्हणून पंधरा बटणं पडली होती, आणि तो दुसराच नको म्हणत होता. मावशींना राहवलं नाही.

"पण मग दिवेच का?"

काका जरा घुटमळले. "हल्ली तुम्ही काजं बोटांनी चाचपून बघता. माझ्या टेबलावरून दिसतं."

मावशींना नाही म्हणता आलं असतं. पण दोन महिन्यांत कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट पाहिलं होतं, हे त्यांना फार बरं वाटलं.

"दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "सांगायची भीती वाटली."

मास्तरांनी लिहिलेलं खोडलं आणि बरण्या सगळ्यांसमोर आणून ठेवल्या. "परत टाका. आता फक्त स्वतःला काय हवं ते."

मावशींनी तिन्ही बटणं दिव्यांत टाकली. मग मास्तरांची पाळी आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आपली तिन्ही त्याच बरणीत सोडली.

"का हो मास्तर?"

"खडूची रेघ दिसत नाही," मास्तर खाली बघत म्हणाले. "वर्ष झालं, अंदाजानं कापतोय."