बाईंची तालीम, आठ जीबीत

७ एप्रिल २०२४, रविवार. रक्कम १,८५० रुपये, रोख. हजर: मी, बायको आणि कसबा पेठेतल्या बोळातला एक दुकानदार, जो जुन्या कॅसेटही उतरवून देतो.

घ्यायचा होता गाडीत लावायला छोटा म्युझिक प्लेअर. आम्ही दोघंही हिंजवडीत नोकरी करतो; सदाशिव पेठेतून जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. फोनवर काही लावलं की मध्येच ऑफिसचा फोन येतो. बायको लग्नाआधी नऊ वर्षं एका बाईंकडे गाणं शिकली. बाई आता नाहीत. त्यांच्या शिकवण्याच्या एकेचाळीस कॅसेट होत्या; त्या आधीच या दुकानदाराकडे उतरवायला दिल्या होत्या. त्या ऐकत प्रवासात पुन्हा गायला लागायचं, एवढंच तिला हवं होतं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, मूळ आवाजात ठेवलं तर सव्वीस जीबी होतंय. बत्तीसचा घ्या. साडेतेराशे जास्त पडतील."

"आणि दाबून?"

"दाबून दीड जीबीतही बसवतो. पण वहिनींना विचारा."

मी विचारलं नाही. टायर, हॉर्न, एसी. एवढ्या गोंगाटात बारकावे कोणाला कळणार, असं मी धरून चाललो. आठचा घेतला आणि सगळं दीड जीबीतच दाबून भरायला सांगितलं.

"अहो, तुम्ही गाणं घेताय की तांदूळ?" ती म्हणाली. दुकानदार हसला. मूळ फाइली पंधरा दिवस ठेवतो, हार्डडिस्क आणलीत तर भरून देतो, असंही त्याने सांगितलं. मी नेली नाही.

पुढच्या रविवारी कॅसेटचं खोकं भंगारात दिलं. एकच वस्तू घरात दोनदा ठेवायची नाही, हा नियम माझाच. ती बाहेर गेली होती. संध्याकाळी कळल्यावर म्हणाली, "नीट ऐकून तर बघू द्यायचं होतंत."

तिसऱ्या आठवड्यात वाकडला गाडी पाऊण तास अडकली. मी इंजिन बंद केलं, एसीही थांबला. काचा वर होत्या. तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तानपुरा नुसता खुळखुळत होता. बाई एका स्वरावरून दुसऱ्यावर हळूच जायच्या, ते मधलं जाणंच पुसलं गेलं होतं. तिने तीच जागा चार वेळा मागे नेऊन लावली.

"हेच तर त्या शिकवत होत्या," ती म्हणाली आणि प्लेअर बंद केला.

दुकानात फाइली उरल्या नव्हत्या. "मी सांगितलं होतं, साहेब." सांगितलं होतंच.

भंगारवाल्याने बराचसा माल पुढे पाठवला होता. मागच्या पोत्यांत आम्ही दोघांनी तासभर हात घातले, तेव्हा चार कॅसेट निघाल्या. त्यातल्या दोन कॅसेटची फीत बाहेर लोंबत होती. तिने त्या ओढणीने पुसून पर्समध्ये ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. अख्ख्या खोक्याचे त्याने मला बावीस रुपये दिले होते. या चार कॅसेटचे पाचशे मागितले. घासाघीस करायला मला तोंड नव्हतं. पाचशे रुपये भंगारवाल्याला दिले.